अभिमन आबांची उजवी मांडी

घरी पाहुणा आला की अभिमन आबा आधी पाणी विचारत, मग कपाशीचा भाव विचारत आणि चहा यायच्या आत धोतर वर सरकवून उजवी मांडी पुढे करत. "हात लाव," म्हणत. "अरे लाव, लाजतोस कशाला?" पाहुणा बिचारा एका बोटाने टोचून बघे. "कडक शे ना?" आबा विचारत. कडक आहे असंच म्हणावं लागे, कारण चहा अजून यायचा असे. आतून पुष्पाबाई ओरडत, "अहो, व्याह्यांसमोर तरी झाका ती!" पण व्याही असो की तलाठी, आबांनी कोणाला सोडलं नाही.

आणि का सोडावं? सगळी अब्रू त्या मांडीवर उभी होती. आबा गावचे भगत. अमळनेर तालुक्यातल्या त्यांच्या पांझरेकाठच्या गावात माघ पौर्णिमेला खंडेराव महाराजांची जत्रा भरते आणि दिवस कलला की बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागे एक बांधायच्या, त्यांत मावतील तेवढी माणसं चढवायची, मग न मावणारीही चढवायची, आणि सगळ्यांच्या पुढे कमरेला दोर बांधून एकटा भगत. त्याला सावरायला दोन बाजूंना दोन जण. भंडारा उधळला, येळकोटाचा गजर झाला की भगत जोर लावतो आणि गाड्या मारुतीच्या पारापासून देवळापर्यंत धडधडत जातात. हे काम आबांनी ऐन जवानीत वडिलांकडून घेतलं आणि मिशा पांढऱ्या झाल्या तरी सोडलं नाही. वर्षभर ते आपले साधे कपाशीवाले. त्या एका दिवशी मात्र बंदोबस्ताला आलेला फौजदारसुद्धा टोपी काढून त्यांच्या पाया पडे.

मागच्या वर्षी घात झाला. जत्रेच्या तोंडावर ट्रॉलीतून कापसाचं गाठोडं उतरवताना आबा घसरले आणि उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. धुळ्याला ऑपरेशन झालं. आबा पलंगावर आणि गाड्या ओढायला पुतण्या योगराज. आता, गाड्या जर मध्येच कुठे अडल्या असत्या तर आबांना केवढं बरं वाटलं असतं! तोंडाने ते तसं कधी म्हणाले नाहीत, पण फोनवर पहिला प्रश्न तोच होता. "अडल्या का रे कुठे?" "नाही आबा, सरळ गेल्या," योगराज आनंदाने म्हणाला. त्या रात्री आबा जेवले नाहीत. दवाखान्याच्या वरणाला चव नाही, असं कारण सांगितलं.

पट्ट्या निघाल्या तेव्हा आबांनी धोतर सरकवून दोन्ही मांड्या ताडून बघितल्या. डावी होती तशी होती, उजवी मात्र शेवग्याची शेंग. लहानपणापासूनचा दोस्त झिपरू भेटायला आला होता. त्याने दोन्ही मांड्या नीट न्याहाळल्या आणि म्हणाला, "अभिमन, हाई मांडी तुनी शे का कोंबडीनी?" झिपरूचं तोंडच तसं. गाड्या खंडेराव ओढतो, अभिमन नुसता पुढे चालतो, असं तो टपरीवर आबांच्या तोंडावर म्हणायचा. आबा त्याला शिव्या घालायचे आणि चहाही पाजायचे.

धुळ्याच्या ज्या दवाखान्यात व्यायामाला जायचं होतं तिथे फिजिओथेरपिस्ट म्हणून पुनम होती, गावच्याच रुपचंदची मुलगी. लहानपणी आबांच्या गाड्यांत बसून घसा फोडणारी पोर आता पांढरा कोट घालून त्यांना "पाय सरळ करा, आबा" म्हणत होती. आबांना मांडी ताबडतोब हवी होती. "वजन ठेव, माय, पायावर, पोतंच ठेव!" ते म्हणाले. पुनमने मान हलवली. जड वजन त्या गुडघ्याला झेपणार नव्हतं. तिने एक रुंद निळा पट्टा काढला, बीपी बघायच्या पट्ट्याचा थोरला भाऊच म्हणा, मांडीच्या अगदी वरच्या अंगाला गुंडाळला आणि त्यात हवा भरली.

"आता पायात रक्त थोडं कमी उतरतंय, आणि वर परतायची वाट जवळजवळ बंद आहे," ती म्हणाली. "अशा वेळी हलकं वजन उचललं तरी मांडीला वाटतं, बापरे, केवढं हे ओझं! आणि ती वाढायला लागते."

आबा विचारात पडले. "म्हणजे मांडीला फसवायचं."

"फसवायचंच."

"आणि तिला समजत नाही?"

"तिला नाही समजत. हृदयाला समजतं." पुनमने दुसरा पट्टा त्यांच्या दंडाला लावला. "असं पाय अडवून व्यायाम केला की हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. प्रेशर चढतं, पट्टा सोडला की उतरतं. तुम्हाला आधीच बीपी आहे, म्हणून मी दर वेळी मोजणार. आणि रोजची गोळी चुकली तर हा पट्टा बंद. कळलं का?"

आबांनी मोठ्या गांभीर्याने मान डोलावली. खरं सांगायचं तर हृदयाचं त्यांनी ऐकलंच नव्हतं. मांडी वाढते, एवढंच कानात शिरलं होतं.

आणि वाढली हो! एवढंसं वजन पायाला बांधून पाय वर करायचा, पण मांडीत अशी आग उठे की आबांना खंडेराव, म्हाळसा, बाणाई सगळे एकदम आठवत. तरी एक खेप चुकली नाही. पावसाळ्यात मांडी भरू लागली, दिवाळीत तिच्यावर गोलाई आली. पाहुण्यांचं सांगितलंच. धुळ्याच्या एसटीचा कंडक्टरसुद्धा एकदा सुटला नाही. एका हाताने तिकीट फाडत त्याने दुसऱ्या हाताने मांडी दाबून बघितली आणि "जोरात आहे बाबा" म्हणाला. आबा अमळनेर येईपर्यंत हसत होते.

इथवर सगळं ठीक होतं. पण जत्रा महिन्यावर आली आणि आबांनी शहाणपणा केला. जत्रेआधी भगताने व्रत धरायचं असतं. अन्न सोडून दूध-फळं, पायांत चप्पल नाही, गावाची वेस ओलांडायची नाही. वडील आठवडाभर धरायचे. मागच्या वर्षी सेवा चुकली म्हणून आबांनी यंदा अख्खा महिना धरलं. मग त्यांच्या डोक्यात आलं, की गोळी म्हणजे तरी काय? तोंडात घालून गिळायची वस्तू. गिळली की व्रत मोडलं! वडिलांनी कधी गोळी खाल्ली होती? नव्हती. त्यांच्या काळी बीपीच नव्हतं, किंवा असलं तरी कोणी मोजायला गेलं नव्हतं. आबांनी गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यात खंडेरावाच्या टाकामागे सरकवलं, "आता तूच सांभाळ" म्हणाले आणि मोकळे झाले.

वेस ओलांडायची नाही म्हटल्यावर धुळं बंद. पण मांडी थोडीच बंद ठेवता येते? आबांनी ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या. पुनम एका पायाला बांधायची, तेही हवा मोजून, आणि मध्ये मध्ये सोडायची. आबांनी दोन्ही पायांना बांधल्या आणि अंदाजाने आवळल्या. आता अंदाज कोणाचा, तर जन्मभर बैलांची दावी आवळलेल्या हाताचा. रोज गोठ्याच्या आड जाऊन दम कोंडायचा आणि बैठका मारायच्या. पट्टी सोडायचं नाव नाही. डोकं ठणकायला लागलं की आबा समजत, व्रत अंगी लागतंय.

एका सकाळी पुष्पाबाई शेण काढायला गेल्या तर आबा गव्हाणीला धरून उभे. तोंड लालबुंद, डोळे तारवटलेले. आपल्याकडची भरताची वांगी हिरवी असतात, पण आबांचे पाय पार मुंबईकडच्या वांग्यांसारखे जांभळे झाले होते.

"काय करी राह्यनात तुम्ही?"

"काही नाही, म्हैस बघतोय," आबा म्हणाले आणि म्हशीच्या पायाशी हळूच खाली बसले ते उठलेच नाहीत.

पुष्पाबाईंनी गाठी सोडल्या, योगराजला हाक मारली आणि गाडी करून थेट धुळं गाठलं. वाटेत शुद्धीवर येऊन आबांनी क्षीण आवाजात वेशीची आठवण करून दिली. पुष्पाबाईंनी एकदाच त्यांच्याकडे बघितलं. मग आबांनी पुन्हा डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला, औषध दिलं, दिवसभर झोपवून ठेवलं. थोडक्यात निभावलं, म्हणाले. पुनम धावत आली. पट्ट्यांचं, गोळीचं, सगळं तिला पुष्पाबाईंकडून कळलं होतं. ती नुसती रागावली असती तर आबांनी हसून साजरं केलं असतं, पण तिचे डोळे भरून आले आणि आबा कावरेबावरे झाले.

"आबा, गाड्यांना जोर लावताना माणूस दम कोंडतो, सगळं अंग आवळतो," ती म्हणाली. "तेव्हा प्रेशर असं उसळतं की तरण्याताठ्या हृदयाचीही परीक्षा होते. तुमचं आज गोठ्यातच बंद पडायचं. दोर आता धरू नका. यंदाही नाही आणि पुढेही नाही."

आबांनी आधी आपल्या पायांकडे बघितलं. "आणि मांडी?" त्यांनी विचारलं.

"मांडी एकदम झकास आहे. मांडी एकटीच जाऊ शकली असती तर पाठवली असती मी तिला गाड्या ओढायला."

घरी आल्यावर पुष्पाबाईंनी टाकामागचं पाकीट काढलं, खंडेरावाला हात जोडून "हे तुमच्या कामाचं नाही, महाराज" म्हणाल्या आणि गोळी आबांच्या तळहातावर ठेवली. आबांनी मुकाट्याने गिळली. आलेल्या पाहुण्यांना त्यांनी मांडी दाखवली नाही. पाहुणे आपणहून विचारत, तर धोतर गुडघ्याखाली ओढून घेत. त्यांना मरणाची भीती वाटत नव्हती, असं नाही. पण तिच्याहून मोठी भीती दुसरीच होती. दोर सोडला की मग आपण कोण? कपाशीवाला एक म्हातारा. तसे तर गल्लीगल्लीत पडले होते. आपल्यावाचून गाड्या चालतात हे मागच्या वर्षी सगळ्यांना कळलंच होतं, आता ते आपल्याच तोंडाने सांगायचं, या विचाराने त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

जत्रेच्या दिवशी मात्र त्यांनी सांगितलं. पारावर उभे राहिले, योगराजच्या कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाले, "मंडळी, मला बीपी आहे. आजपासून दोर याचा." मग झिपरू ओरडला, "बीपी माले बी शे! म्हनून तर मी कधी गाड्या ओढ्यात नही!" लोक हसले आणि आबांचाही ओठ हलला.

सगळ्यांनी त्यांना पहिल्या गाडीत बसायचा आग्रह केला. ते बसले नाहीत. दोर दुसऱ्याच्या कमरेला बघणं त्यांना जमणार नव्हतं. ते चालत चालत अगदी शेवटच्या गाडीपाशी गेले आणि तिच्या मागच्या तोंडाशी, मागे पाय सोडून, गाड्यांकडे पाठ करून बसले. डफ वाजू लागले. भंडाऱ्याने आभाळ पिवळं झालं. पुढून येळकोटाचा गजर उठला, आणि आबांसमोर झिपरूने हातावर थुंकी टाकून दोन्ही तळवे चोळले आणि गाडीला खांदा लावला.

त्याच्या शेजारी रुपचंद. पलीकडे सुकदेव, बांधावरून भांडण झाल्यापासून जो आबांशी एक शब्दही बोलला नव्हता तो. त्यांच्या पाठीला हात लावून आणखी माणसं, त्यांच्यामागे आणखी. गाडी हलली.

भगताने मागे वळून बघायचं नसतं, अशी रीत. त्यामुळे गाड्यांमागे काय चालतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, एका आबांना सोडून; पोरवयातही ते वडिलांच्या पुढेच धावत.

"झिपऱ्या, काय करी राह्यना रे?"

"दिसत नही का? लोटी राह्यनू!" झिपरूला धाप लागली होती.

"कधीपासून?"

"तुना बाप होता तवयपासून!"

"मंग माले कोनी सांगं कसं नही?"

"तू इतला खूश राहे," झिपरू म्हणाला. "कोन सांगी तुले?"

आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभराचे ते नमस्कार, तो फौजदार, ती मिशी! मग त्यांची नजर सुकदेवच्या हातांवर गेली. गाडीच्या चाकाने उडवलेल्या मातीने कोपरापर्यंत माखलेले ते हात. दर वर्षी हीच माणसं गाड्या देवळापाशी थांबल्या की हातांची माती झटकत पुढे येत होती आणि अभिमन आबांच्याच पाया पडत होती. सुकदेवसुद्धा. न बोलता, पण पडत होता. हे कळलं आणि आबांच्या छातीतून हुंदका फुटला. इतकी वर्षं अंगात कोंडलेलं सगळं बाहेर आलं, खांदे गदागदा हलू लागले.

"आबांच्या अंगात आलं!" कोणीतरी ओरडलं. झालं! डफ दुप्पट वाजू लागले. कोणी लिंबू आणलं, कोणी ऊद नाकाखाली धरला, बायका लेकरं पुढे करू लागल्या, आणि आबा मधोमध बसून लहान मुलासारखे रडत होते.

गाड्या देवळापाशी थांबल्या. गर्दी दोन्ही हातांनी बाजूला सारत पुष्पाबाई पुढे आल्या. त्यांनी उदाचं भांडं लांब केलं, पदराने आबांचं तोंड पुसलं आणि साऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "आंगमा काही येल नही. मानूस रडी राह्यना. रडू द्या त्याले."