नव्वद मुगांचं त्रैराशिक

माझ्या चेहऱ्याची साल एकदा पूर्ण निघाली होती, आणि ती मी त्रैराशिक मांडून काढली होती.

मीनू, तू लिहिलंस की मुरुमांसाठी डॉक्टरांनी तुला रेटिनॉइडचं क्रीम दिलंय, वाटाण्याएवढंच लावायला सांगितलंय, पण दहा दिवसांत काही फरक नाही, म्हणून तू आता 'थोडं जास्त' लावणार आहेस. थांब! ट्यूबचं टोपण लाव, हात धू, आणि आधी हे वाच. तुझ्या भावालाही वाचून दाखव. त्याच्या हनुवटीवर सुरुवात झालीय म्हणे.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. कुंभकोणमच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची जागा निघाली होती. अप्पांनी एकच सवलत दिली होती. "ही जागा मिळाली तर शिकव. नाही तर तिरुक्करुगावूरचे मामा सांगतात त्या मुलाशी निमूट लग्न कर." (तो मुलगा मला बघायला आला तेव्हा सगळा वेळ आमच्या गाईशी बोलत होता. शेवटी गाईनेसुद्धा तोंड फिरवलं.) मुलाखतीला नऊ दिवस उरले होते आणि माझ्या दोन्ही गालांवर मुरुमांची सभा भरली होती.

तुझं क्रीम त्या काळी नव्हतं. डॉक्टरांनी गंधकाचा मलम लिहून दिला. कंपाउंडरने तो खलात घोटून चिनी मातीच्या डबीत भरला. त्याला फुसक्या फटाक्याचा वास होता.

"रोज रात्री मुगाच्या दाण्याएवढा लावायचा," डॉक्टर म्हणाले. "कातडी हळूहळू निघेल. उन्हात जायचं नाही. तीन महिने धीर धरायचा."

तीन महिने! घरी येऊन मी वही उघडली. रोज एक मूग लावला तर नव्वद दिवस. मग नऊ दिवसांत काम व्हायला रोज किती मूग? व्यस्त त्रैराशिक. उत्तर, दहा. दोनदा ताळा घेतला. अगदी बरोबर! मी टाइमटेबल आखलं, सकाळी पाच मूग, रात्री पाच मूग, आणि खाली लाल शाईने दुहेरी रेघ मारली.

दोन दिवस चेहरा चुरचुरला. 'औषध लागू पडत आहे,' असा शेरा मी लिहिला. तिसऱ्या दिवशी अम्माने मला गच्चीवर तांदळाच्या पिठाचे वडाम घालायला पाठवलं. मे महिना, कुंभकोणमचं ऊन, आणि तोंडाला पाच मूग फासलेले! वडामांच्या आधी मीच वाळले. चौथ्या दिवशी चेहरा मिरचीसारखा लाल झाला. पाचव्या दिवशी साल निघायला लागली. हसले की डावा गाल सुटायचा.

नेमक्या त्याच सकाळी शेजारच्या आजी, कोमळम् पाट्टी, विरजण मागायला आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि वाटी टाकूनच दिली.

"अय्यय्यो! मारियम्मा आली गं घरात!"

म्हणजे मला देवी आल्या! आमच्या गावात देवी आल्या की दाराला कडुनिंब बांधायचा, बाहेरच्याने आत यायचं नाही, आणि स्वयंपाकात फोडणी बंद. दहा मिनिटांत आमच्या दाराला अर्धं झाड लटकलं.

"पाट्टी, देवी नाहीत हो! मलम आहे! मी रोज दहा मूग लावले!"

"दहा मूग?" पाट्टी अम्माकडे वळल्या. "ऐकलंस ना? लेकरू वातात बोलतंय."

मग मी सगळं शुद्ध इंग्रजीत समजावून सांगितलं.

"संपलं!" पाट्टी म्हणाल्या. "ताप डोक्यात गेला!"

अम्माने डोळे पुसत पट्टीश्वरमच्या दुर्गेला लिंबांच्या माळेचा नवस केला. संध्याकाळी अप्पांच्या पानात बिनफोडणीचं वरण पडलं. दुसऱ्या दिवशीही तेच पडलं. अप्पांनी ते गिळलं आणि माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. "लग्न नको होतं तर नुसतं सांगायचं होतंस गे."

सातव्या दिवशी शाळेचा वॉचमन आला. नाकाला पंचा लावून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि ओरडला, "हेडमिस्ट्रेसम्मांचा निरोप! कडुनिंबाच्या घरातून मुलाखतीला कोणी येऊ नये!"

निरोप सगळ्या गल्लीला पोचला. मी पहिल्यांदाच रडले. (त्या कातडीवर खारं पाणी! ही आणखी एक चूक.) अप्पांनी ते पाहिलं, छत्री उचलली आणि डॉक्टरांना घेऊनच परतले.

डॉक्टरांनी माझा चेहरा उजेडाकडे वळवला, मग डबी उघडली. "तीन महिन्यांचा मलम. आठवड्यात अर्ध्याहून जास्त कुठे गेला?"

मी टाइमटेबल पुढे केलं. त्यांनी ते शेऱ्यांसकट वाचलं.

"डॉक्टर, थोरली देवी की धाकटी?" पाट्टींनी दारातून विचारलं.

"पाट्टी, हिला त्रैराशिक झालंय. ते पसरत नाही. कडुनिंब उतरवा." मलम बंद, सावली, आणि गालांना खोबरेल, असं सांगून ते उठले.

"डॉक्टर, शाळेसाठी दाखला?"

त्यांनी तिथेच लिहून दिला. 'या मुलीला देवी आलेल्या नाहीत. हिने गणित केले आहे.'

त्या रात्री वरणाला फोडणी बसली, तेव्हा अप्पांनी डोळे मिटून नुसता वास घेतला.

मुलाखतीला मी छत्री घेऊन, खोबरेलाने चकाकत गेले. हेडमिस्ट्रेसम्मांनी दाखला दोनदा वाचला.

"गणित फळ्यावर मांडा."

मी मांडलं.

"उत्तर?"

"दहा, अम्मा."

"मग चूक कुठे झाली?"

"गणितात नाही, अम्मा. कातडीला त्रैराशिक येत नाही, हे मला ठाऊक नव्हतं."

त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "त्रैराशिक कसं मांडायचं ते सगळेच उमेदवार सांगून गेले," त्या म्हणाल्या. "ते कुठे मांडायचं नाही हे तुम्हालाच माहीत आहे. शाळा उघडली की या. आणि मुलींना पहिल्या दिवशी हेच गणित घाला."

मी ते तीस वर्षं घातलं.

महिन्याभराने कातडी सावरली. मग डॉक्टरांच्या परवानगीने रोज रात्री एक मूग, मोजून तीन महिने. आणि मुरुमं खरंच गेली! म्हणून सांगते, वाटाण्याएवढंच, रात्री, कोरड्या चेहऱ्यावर. सुरुवातीला कातडी कुरकुरली तर एखादी रात्र सोड, जास्त जळजळलं तर डॉक्टरांना विचार, आणि दिवसा उन्हाचं क्रीम लाव. तुझीही जातील, बाळे. फक्त त्यांना त्यांचा वेळ दे.

परवा मला डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिलेत, रोज एक, दोन महिने. मी फक्त पेन्सिलीला टोक करत होते, एवढंच! तर तुझ्या आजोबांनी बाटली उचलली, आणि आता ती कुठे ठेवलीय ते सांगत नाहीत.