राजोडीच्या अलीकडचा दीड किलोमीटर

मागच्या नोंदीखाली तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अभिनंदन केलंय. ते वाचून मी दोन आठवडे गप्प बसले. ती नोंद विनयने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आनंदाच्या भरात माझ्या नावाने टाकली होती: 'एकवीस किलोमीटर पूर्ण.' ती काढून टाकता आली असती. त्यापेक्षा झालं ते सगळंच लिहावं असं ठरवलं.

जायचं ठरलं ते उषाताईंमुळे. त्या निवृत्त परिचारिका आहेत, वय अठ्ठावन्न. नाशिकला आमच्या घरामागच्या मैदानावर रोज सकाळी भेटतात. चालता चालता आम्ही कधी पळायला लागलो ते आठवत नाही. विरारला अर्धमॅरेथॉन आहे आणि बायकांसाठी वयाची अट नाही, हे पेपरमध्ये वाचून त्या म्हणाल्या, "एकदा पुरं एकवीस करून बघायचंय. गुडघे आहेत तोवर." मी सेहेचाळीस वर्षांची, त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. नाही कशी म्हणणार?

शनिवारी सकाळी आम्ही दोघी आणि विनय निघालो. थेट एसटी चुकली, म्हणून ठाण्याला उतरून दुसरी गाडी धरली. घोडबंदरचा रस्ता, खाडीवरचा पूल आणि मग वसई फाटा. तुम्ही जाणार असाल तर शनिवारी संध्याकाळी फाट्यावर पोचू नका. वालीवच्या कारखान्यांची पाळी सुटली होती आणि आमची रिक्षा सायकलींच्या आणि टेम्पोंच्या मागे तासभर रांगली. पश्चिमेला आल्यावर मात्र नालासोपाऱ्याच्या चार मजली इमारती संपतात आणि एकदम केळीच्या बागा लागतात. एवढ्या जवळ जवळ या दोन गोष्टी असतील असं वाटलं नव्हतं.

उतरलो सेलिनाकडे. तिचा नवरा विनयबरोबर पूर्वी एका ऑफिसात होता, आता आखातात असतो. ती गावातल्या शाळेत शिकवते. घरात ती, दोन मुली आणि सासरे. सासऱ्यांना सगळे पप्पा म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. आपसात ते त्यांच्या वाडीच्या बोलीत बोलतात, त्यातलं मला निम्मं कळतं. आमच्याशी बोलताना पप्पा शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी काढतात. "आपण पळणार, हे आम्हांस फारच आवडले," असं ते म्हणाले, तर मुली तोंडावर हात धरून आत पळाल्या.

शर्यतीचा रस्ता सेलिनाच्या फाटकावरूनच जाणार होता. विरारच्या मैदानातून सुटायचं, नालासोपाऱ्याच्या वस्तीतून जायचं, मग वाड्यांमधून राजोडीच्या किनाऱ्यापर्यंत. तिथे वळसा घालून त्याच रस्त्याने परत. वळशाच्या जागी टेबलावर गुलाबी रिबिनी ठेवलेल्या असतात. तिथवर पोचलेल्याच्या मनगटाला एक बांधतात आणि शेवटी ती दाखवली की पदक मिळतं. कोणी मधूनच वळू नये म्हणून ही सोय.

रविवारी साडेसहाला सुटलो. पहिले पाच किलोमीटर बरे गेले. थंडी होती, उजाडत होतं, नालासोपाऱ्यात गॅलऱ्यांमधून लोक दात घासत बघत होते. एका दुकानाच्या पायरीवर बसलेला माणूस दुसऱ्याला म्हणाला, "ये आंटी लोग किसलिए भाग रहा है?" दुसरा म्हणाला, "डॉक्टरने बोला होगा." उषाताई हसल्या आणि त्यांचा श्वास चुकला. पुढे अर्धा किलोमीटर त्यांना तो सापडला नाही.

सातव्या किलोमीटरच्या पुढे हवा जड झाली. नाशिकच्या कोरड्या हवेत वाढलेल्यांनी हे लक्षात ठेवावं: इथे घाम वाळत नाही, अंगावरच राहतो. मिठाची पुडी जवळ ठेवा आणि सुती मोजे दोन जोड न्या. माझ्या डाव्या पायाला आठव्या किलोमीटरलाच फोड आला होता. आमच्या मागे फारसं कोणी उरलं नव्हतं.

सेलिनाच्या फाटकाशी टेबल मांडलं होतं. पप्पा पांढऱ्या शर्टात, सेलिना, मुली आणि शेजारच्या चार बाया. चर्चमध्ये पहाटेच्या पहिल्या मिस्सेला जाऊन आल्यापासून सगळे तिथेच उभे होते. सरबताचे पेले, राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी, आणि आम्हा दोघींसाठी खास दोन खुर्च्या आणि चहा. पप्पांनी माझी खुर्ची फडक्याने पुसली.

"बसा, दोन मिनिटे बसा. एवढ्या लांबून आलात."

उषाताई उभ्या उभ्या सरबत प्यायल्या. मला म्हणाल्या, "चल गं."

मी बसले. पायाला फोड होता हे खरं. पण माणसं पहाटेपासून आपल्यासाठी उभी आहेत, त्यांचा चहा घेतला नाही तर काय वाटेल, हेही होतं. त्यातलं कोणतं जास्त होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चहा कपबशीत होता आणि उकळता होता. तो निवला, मग मुलींनी फोडाला पट्टी लावली, मग शेजारणीने सुकेळी कशी करतात ते सांगितलं. शर्यतीच्या मधोमध खुर्चीवर बसून बशीने चहा पिणारी मी बहुधा एकटीच. एवढा वेळ उषाताई फाटकाला धरून एकेक पाय ताणत उभ्या होत्या. दुसऱ्यांदा चल म्हणाल्या नाहीत. मी उठले तेव्हा बावीस मिनिटं झाली होती.

पुढे राजोडीच्या फाट्याशी समोरून एक टेम्पो आला. मागे घडीची टेबलं, पाण्याचे रिकामे खोके आणि टोप्या घातलेले तीन स्वयंसेवक. त्यातली एक मुलगी खाली वाकून म्हणाली, "काकू, वळशाचं टेबल उचललं. पुढे कोणी नाही. इथूनच वळा, आम्ही रिबिन देतो."

"अजून किती आहे?" उषाताईंनी विचारलं.

"दीड किलोमीटर. पण काय फरक पडतो? तुम्ही आलात हेच खूप आहे."

तिने माझ्या मनगटाला रिबिन बांधली. मी हात पुढे केला होता, हे लिहायला हवं. उषाताईंनी केला नाही.

"मी जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"ताई, तिकडे मैदानात मंडप काढतील. मग पदकही नाही मिळणार," मुलगी म्हणाली.

"असू दे. ती वळल्यावर बांधायची ना? मी अजून वळले कुठे?"

मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू जा. तुझा पाय दुखतोय." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्या गेल्या. केळीच्या बागांमधून जाणाऱ्या त्या रस्त्यावर त्यांची पाठ बराच वेळ दिसत होती. मग मी वळले.

परतीचा रस्ता कसा गेला ते नीट आठवत नाही. वाहतूक सुरू झाली होती, बसच्या धुरातून कडेकडेने चालत गेले. मैदानात विनय होता. खांद्यावर तीन पिशव्या, हातात माझ्या चपला, पहाटेपासून उभा. "पळणाऱ्यांना पाणी देतात, केळी देतात. उभं राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही," तो म्हणाला. त्याच्या शेजारी पालघरचे एक गृहस्थ होते, त्यांची मुलगी पळत होती. ते म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षी आपणच पळू. त्यात कष्ट कमी आहेत."

मी रिबिन दाखवली. पदक गळ्यात पडलं, प्रमाणपत्र हातात आलं. त्यावर अंतर छापलेलं होतं, नावाची जागा कोरी होती. आपलं आपण भरायचं. विनयने तेवढ्यात फोन काढून मुलीला सांगितलं, मग माझ्या आईला. "पुरं एकवीस," तो म्हणत होता आणि मी बुटाची नाडी सोडत होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

उषाताई पाऊण तासाने आल्या. मंडपाचे बांबू सुटे करून रचत होते. खुर्च्या एकात एक घालणाऱ्या माणसाने त्यांना थांबवलं नाही आणि विचारलंही नाही. जिथे शेवटची रेघ होती तिथे फक्कीचा पांढरा पट्टा राहिला होता. त्या त्यावरून चालत पलीकडे गेल्या, मग खाली बसल्या. मी पाणी दिलं.

"झालं," त्या म्हणाल्या.

मी पदक काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते हातात घेतलं, उलटं करून बघितलं आणि परत दिलं. "ठेव. तूही काही कमी चालली नाहीस."

त्यांच्या नावावर एवढी एकच शर्यत असणार होती. डॉक्टरांनी त्यांना आधीच सांगितलं होतं, यानंतर चालणंच बरं. हे मला माहीत होतं. चहा पिताना माहीत होतं.

दुपारी सेलिनाकडे जेवण. विनयला माशाचं कालवण, आम्हा दोघींना वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. घरातल्या आल्तारवर मेणबत्ती लावून सेलिनाने माझं पदक क्रूसाच्या पायाशी ठेवायला मागितलं. "घरात काही चांगलं आलं की आम्ही आधी इथे ठेवतो," ती म्हणाली.

मी म्हणाले, "नको. ते माझं नाही." आणि टेम्पोचं सगळं सांगितलं. चहाचं सांगितलं नाही. ज्यांनी खुर्ची पुसून दिली त्यांच्यासमोर ते कसं सांगायचं?

विनय म्हणाला, "अगं, जाऊन येऊन तीन किलोमीटर. कोण मोजतंय?"

"मी."

पप्पा वाटीतलं कालवण ढवळत होते. मग पुस्तकी मराठी बाजूला ठेवून म्हणाले, "टेबल किती वाजता उचललं?"

"आठ वीसला," उषाताई म्हणाल्या.

"आणि आमच्याकडून तुम्ही निघालात आठ वाजून गेल्यावर. म्हणजे आमच्या चहाने केलं."

सेलिनाचा चेहरा उतरला. मी मनातल्या मनात तो हिशेब सकाळपासून करत होते: बावीस मिनिटं वजा केली तर आम्ही टेबलापाशी तीन मिनिटं आधी पोचत होतो.

"चहा कोणी दिला म्हणून तो प्यायलाच पाहिजे असं नाही," मी म्हणाले. "मी बसले."

उषाताई भाकरी मोडत म्हणाल्या, "चहा मला मिळालाच नाही. संध्याकाळी करा, तेव्हा बघू कसा होता ते."

पप्पा हसले. सेलिना उठली आणि तिने संध्याकाळची वाट बघितली नाही.

सोमवारी निघण्याआधी मी राजोडीला जायचं म्हटलं. उषाताईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी काल बघितलंय. तू जा." विनय कुरकुरत बरोबर आला. फाट्यावर रिक्षा सोडली आणि तिथून चालत गेलो. मला पळता येणार नव्हतं, जिना उतरतानाच मांड्या धरत होत्या. रस्त्यावर चुन्याचे बाण होते, पाण्याच्या चपट्या झालेल्या पिशव्या होत्या. शेवटी सुरूची झाडं आणि काळपट वाळू. प्रवासवर्णनात लिहावं असं तिथे त्या सकाळी फारसं काही नव्हतं. बांबूंवर मासळी वाळत होती आणि एक बाई ती उलटसुलट करत होती. मी तिला विचारलं, शर्यत कुठून वळली?

"ती काय तिकडं, दगडापाशी. टेबल व्हतं." तिने मान हलवली. "टेबल उचलल्यावर एक बाई आली काल. एकटीच. मला विचारते, वळायचं कुठं? मी म्हटलं, आता कोन बघतंय, कुठं पन वळ. तर बोलली, नाय, टेबल व्हतं ती जागा दाखव. मी दाखवली. दगडाला हात लावला नि वळली. पानी देत व्हते तर उभ्यानंच प्याली."

मी दगडापर्यंत गेले. हात लावला नाही. परत येताना विनयने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि फाट्यापाशी आल्यावर हळूच विचारलं, "फोनवर सगळ्यांना मीच सांगू का?" मी म्हणाले, "नको, मी सांगते."

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे अठरा, तेही पुष्कळ झाले. मुलगी म्हणाली, तू उगाच त्रास करून घेतेस. दोघीही बरोबर असतील. प्रमाणपत्राची नावाची जागा कोरीच ठेवली आहे. त्यात उषाताईंचं नाव घालावं असं एकदा वाटलं, पेनही उघडलं. पण न विचारता दुसऱ्याचं नाव लिहिणं म्हणजे पुन्हा मधूनच वळल्यासारखं झालं असतं. विचारलं असतं तर त्या हसल्या असत्या.

तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. माणसं फार चांगली आहेत. मुक्काम आधी ठरवा, मीठ न्या आणि फाटकाशी कोणी खुर्ची दिली तर आभार मानून उभेच राहा, चहा परतीच्या वाटेवर घ्या.

काल मैदानावर एका नव्या बाईंनी विचारलं, तुम्ही एकवीस केलेत ना? मी म्हणाले, अठरा. का, असं त्यांनी विचारलं, मग सगळं सांगावं लागलं. उषाताई शेजारच्या कट्ट्यावर गुडघ्याला पट्टा बांधत होत्या. माझं बोलून झाल्यावर त्यांनी वर न बघता विचारलं, "चहाचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग चल," त्या म्हणाल्या, आणि आम्ही चालायला लागलो.