'आ करा' म्हटल्यावर निघालेले संशय

दाताच्या डॉक्टरवर माणूस सहजासहजी विश्वास ठेवत नाही, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. जळगावात मेहरूणच्या बाजूला माझा दवाखाना आहे आणि दर गुरुवारी मी धुळ्याला जाऊन बसते. वीस-बावीस वर्षं झाली. काढलेले दात आता आठवत नाहीत, पण पेशंटचे संशय चांगले लक्षात आहेत. जेवताना घरी एक सांगायला घ्यावा, तर हात सुकेपर्यंत चार निघतात.

त्यांचं तरी काय चुकतं म्हणा. तोंड उघडून पडलेल्या माणसाला आत काय चाललंय ते दिसत नाही आणि विचारायचं तर बोलता येत नाही. मग तो नुसता बघतो. त्या बघण्याचे हे किस्से. माणसांची नावं सांगत नाही, दात मात्र खरे आहेत.

*

सावद्याचे एक नाना आले होते. केळीच्या बागा, पांढरा शर्ट, सोबत सून. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, मी खून करूनच आलो."

माझ्या मदतनीस मंदाताई ट्रे घेऊन येत होत्या, त्या जागेवरच थांबल्या.

नानांना खूण म्हणायचं होतं. पूर्वी कुठल्याशा गावी एका डॉक्टरने त्यांचा दुखरा दात ठेवून शेजारचा काढला होता. म्हणून या वेळी, कापणीला आलेल्या घडाला बागेत खूण करतात तशी, त्यांनी सुनेकडून दातालाच खूण करून आणली होती. आत बघते तर खालच्या दाढेवर लाल नेलपॉलिश.

एक्स-रे काढला. नेलपॉलिशची दाढ ठणठणीत, तिच्या मागची आतून पोखरलेली. नानांना सांगितलं, तर त्यांनी सुनेकडे अशा नजरेने पाहिलं की, बघ, मी म्हटलं नव्हतं? मी आरशाच्या दांड्याने लाल दाढेवर टकटक केलं. काही नाही. मागच्या दाढेवर हलकंसं केलं, तर नाना खुर्चीत उठून बसले.

मग म्हणाले, "सूनबाईनं चुकीच्या दाताले लावलं."

सून शांतपणे म्हणाली, "नाना, तुम्ही बोट ठेवलं तिथंच लावलं."

दाढदुखी अशी फसवते. कधीकधी खालची दुखत असते आणि माणूस वरची दाखवतो. म्हणून बोट कुठे का ठेवेनात, मी एक्स-रे काढतेच.

*

दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, हा संशय तर घरोघरी आहे. खरं असं की वर्षानुवर्षं साचलेला दगडासारखा थर हिरडी खात असतो. दात आधीच सैल झालेला असतो, तो थर त्याला सिमेंटसारखा धरून ठेवतो, एवढंच. हे मी रोज सांगते.

बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांनाही सांगितलं. त्यांनी मान डोलावली, साफ करून घेतलं, चूळ भरताना बेसिनमध्ये पडलेलं काय काय ते रुमालात टिपून घेतलं आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. कागदाची पुडी माझ्यापुढे ठेवली. आत काळपट पिवळे कण, वाळवलेले.

"हे माझे तुकडे," ते म्हणाले. "मोजले आहेत. सगळे बसवून द्या."

*

साड्यांच्या दुकानाचे एक शेठजी आहेत. घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या जळगावात. त्यांच्या दाढेला रूट कॅनल लागणार होतं. मी एक्स-रेवर काळा डाग दाखवला. ते म्हणाले, "हा एक्स-रे माझाच कशावरून?"

त्यांच्यासमोर दुसरा काढला. तोही खिशात घालून ते उठले. "दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतो."

जरूर घ्या, म्हटलं.

त्यांनी गावाच्या दुसऱ्या टोकाचा डॉक्टर शोधला. तो माझा नवरा निघाला. मी माहेरचंच आडनाव लावते, त्यामुळे शेठजींना कळायचं कारण नव्हतं. नवऱ्याने दाढ तपासली आणि म्हणाला, रूट कॅनलच करावं लागेल.

शेठजी म्हणाले, "पण त्या मॅडम फार घाबरवतात."

"घाबरवतात खऱ्या," नवरा म्हणाला.

हे त्याने घरी अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. आपलं नातं त्यांना सांगायला हवं होतं, असंही म्हणाला, पण तेवढ्यात शेठजी समाधानाने निघून गेले होते. माझ्याकडे परत येऊन त्यांनी दाढ करून घेतली. त्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून केली, हे तीन वेळा ऐकवलं.

दोन महिन्यांनी एका लग्नात आम्ही दोघं जोडीने जेवायला उभे. समोरून ताट घेऊन शेठजी आले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे.

"म्हणजे," ते म्हणाले, "मत मी एकच घेतलं."

*

दर वेळी संशय पेशंटलाच येतो असं नाही. एक सर आले, माध्यमिक शाळेतले, बरोबर बायको. तक्रार एवढीच की तिखट सोसत नाही. मी आ करा म्हटलं, तर तोंड अर्धवटच उघडलं.

"गुटखा, सुपारी?"

"छे. मी शाळेत व्यसनमुक्तीची शपथ देतो."

बायकोनेही सांगितलं, घरात सुपारीचं खांडसुद्धा नाही. मी त्यांना तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. निरोगी तोंडात साधारण तेवढी जातात, घरी कोणीही करून बघावं. सरांची दीड गेली. गाल आतून पांढरे, चामड्यासारखे कडक.

मी बाईंना मंदाताईंबरोबर बाहेर फॉर्म भरायला पाठवलं आणि स्टूल ओढून सरांजवळ बसले. काही विचारलं नाही. त्यांनी नजर पंख्याकडे वळवली.

"पोरांच्या दप्तरांतून पुड्या जप्त करायचो," ते म्हणाले. "टेबलाच्या खणात साठायच्या. एकदा फेकण्याआधी एक चाखून बघितली."

"किती वर्षं झाली?"

"सहा."

गालाचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस त्यांनी कसे काढले, ते त्यांच्या बायकोकडून नंतर कळलं. रोज रात्री ते तिला काहीतरी सांगायला उठून बसायचे आणि पुन्हा आडवे व्हायचे. कॅन्सर नव्हता. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला वास यायचा. पण तुम्ही शपथ देणारे, म्हणून माझाच संशय मला खोटा वाटला."

गुटखा सुटला, तोंड उघडण्याचा व्यायाम चालू आहे. तोंड पूर्वीसारखं होणार नाही, हे त्यांना माहीत आहे. आता अडीच बोटं जातात. शाळेत शपथ देणं त्यांनी बंद केलं. दर सोमवारी ते वर्गातल्या प्रत्येकाला तीन बोटं घालून दाखवायला लावतात.

*

धुळ्याजवळच्या एका खेड्यातल्या आक्का कवळी करायला आल्या. तोंडात एकही दात नाही, सगळे मिसरीने नेलेले. नमुना दाखवावा म्हणून मी मेणपट्टीवर लावलेले दातांचे सेट समोर ठेवले. आक्का मागे सरकल्या.

"इतल्या बाया कव्हय मरन्यात?" त्यांनी विचारलं.

मेलेल्या माणसांचे दात काढून आम्ही बसवतो, असा त्यांचा पक्का समज. मी समजावलं: हे कारखान्यात बनतात, हाडाचे नसतात. त्यांनी ऐकून घेतलं. खोटं बोलणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून हसतात, तशा हसल्या. कवळी छान बसली. रात्री काढून पाण्यात ठेवा, मऊ ब्रशने धुवा, हे सांगून मी त्यांना पाठवलं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दोन दिवस आधी त्या एसटीने एकट्याच आल्या. हिरड्या तपासल्या, कुठे जखम नाही, टोचत नाही.

"दात बराबर शेतस," आक्का म्हणाल्या. "नाव सांग फक्त."

"कोणाचं नाव?"

"जिना दात शेतस तिनं."

आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवतात. आक्कांचं म्हणणं सरळ होतं. "तिना दातसवर मी जेवस. आनि तिना नावनी घागर नही?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. पावडर, साचा, भट्टी. प्लास्टर फोडून कवळी कशी बाहेर काढतात, तेही सांगितलं. आक्का शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होत्या.

"बठ्ठं समजनं," सगळं कळल्याची मान डोलावत त्या म्हणाल्या. "नाव सांग."

बाहेर पाच पेशंट बसले होते. मी माझ्या आईचं नाव सांगितलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आखाजीला मी दोन्ही वर्षं दवाखान्यातच होते.

आक्कांनी नाव दोनदा पुटपुटून पाठ केलं. मग विचारलं, "तिले काय आवडे?"

"आमरस," मी म्हटलं. "त्यात सुंठ घालायची ती."

आक्कांनी जिभेने दात चाचपले.

"तेच म्हनू मी," त्या म्हणाल्या. "औंदा माले सुंठ कशी आवडाले लागनी."