फळी काऊन गरम?

कर्जाची तपासणी करायला गेले की आमचे मॅनेजरसाहेब आधी कागद मागायचे नाहीत. मशीनवर तळहात ठेवायचे, तापल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मशीन कोमट लागली की खूश. थंड लागली की एकच शब्द, "काऊन?"

साहेब समुद्राकडच्या तेलुगू मुलखातले. बदली होऊन आदिलाबादला आले आणि इथल्या मराठीतला पहिला शब्द शिकले तो हाच; काऊन म्हणजे का. मी बँकेतला कारकून, घरी मराठी, म्हणून त्यांचा दुभाषीही मीच आणि मोटरसायकलवालाही मीच. सरकारच्या हमीवरचं बिनतारणी मुद्रा लोन हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. "तारण नाही, मग माणूस पाहायला पाहिजे," म्हणायचे आणि माणूस सोडून यंत्रच चाचपत बसायचे. मला आधी हसू यायचं, पुढे पुढे कंटाळा.

चौकस माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण हा नमुना वेगळा. गुडीहत्नूरला इडलीचं पीठ दळून विकणाऱ्याकडे गेलो, तर पीठ कोणत्या ऋतूत कसं आंबतं हे ऐकण्यात साहेबांनी अख्खी दुपार घालवली. नेरडीगोंड्याच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसरवर हात टेकला तो चांगलाच भाजला. हात झटकत म्हणाले, "धंदा जोरात हाय!"

त्यांची ही खोड गावोगाव पसरायला कितीसा वेळ लागणार!

जैनथकडच्या एका खेड्यात शिलाईकाम करणाऱ्या बाई होत्या. मशीन कर्जातून घेतलेली आणि हप्ते थकलेले. आम्ही गेलो, साहेबांनी हात ठेवला. मोटर गरम. मशीनचं डोकं गरम. खालची लाकडी फळीसुद्धा गरम.

"अम्मा, मोटर गरम, ते समजलं. फळी काऊन गरम?"

बाई मान खाली घालून उभ्या. कोपऱ्यात इस्त्री होती, तिची वायर अजून बोर्डातच होती.

"साहेब हात लावून पायतात म्हने," त्या पुटपुटल्या. "म्हनून फिरवली इस्त्री."

मला हसू आवरेना. साहेब मात्र हसले नाहीत. स्टूल ओढून बसले आणि पुन्हा म्हणाले, "काऊन?"

"शाळेच्या गनवेशाचं काम दुसऱ्या बचत गटाले गेलं. दोन पोरी हायत, घर याच मशीनवर चालते. आता मशीन नेता का काय?"

"मशीन नेऊन बँकेत मी काय शिवू?" साहेब म्हणाले. "दुसरं काय शिवता येते?"

बोलता बोलता निघालं, की कापूस वेचणाऱ्या बाया कमरेला जुन्या साडीची झोळी बांधतात आणि ती भर हंगामात फाटते. मग पक्की झोळी काऊन नाही शिवत? बाई म्हणाल्या, "कोनी इचारलंच नाही, साहेब."

साहेबांनी तिथल्या तिथे एक शिवून घेतली, पँटवर बांधली आणि अंगणात वाकून वाकून नसलेला कापूस वेचला. सगळी गल्ली लोटली. मी लाजेनं अर्धा झालो. पण शेजारच्या दोघींनी तेव्हाच तशी झोळी सांगितली.

साहेबांनी हप्ते कापसाच्या हंगामापर्यंत पुढे ढकलून दिले. निघताना म्हणाले, "दसऱ्यानंतर येतो. मशीन आपोआप गरम पाहिजे."

दसऱ्याआधीच त्यांची बदली झाली. नवे साहेब सगळं स्क्रीनवर पाहतात. आता हप्ता चुकला असता तर मशीन उचलायची नोटीस घेऊन मलाच जावं लागलं असतं. हप्ता जमा झाला, तरी माझा जीव राहीना. एका रविवारी मी एकटाच गेलो.

दारापासून झोळ्यांचा ढीग. बाईंनी मान वर करून माझ्या मागे पाहिलं. "साहेब काऊन नाही आले?"

मी बदलीचं सांगितलं. मग तिथूनच साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. जैनथचं नाव काढताच पलीकडून आवाज आला, "गरम हाय काय?"

मी आयुष्यात पहिल्यांदा मशीनवर तळहात ठेवला. "गरम आहे, साहेब."

मग सावकाश प्रश्न आला, "आणि फळी?"

बाईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला. डोळे पुसत, हसत, जणू साहेब नदीपलीकडे उभे आहेत अशा आवाजात ओरडल्या, "थंडी हाय, साहेब! फळी एकदम थंडी हाय!"