आईला द्यायचा निरोप

ओव्याच्या धुरीचा वास आला की मला वैशाखऱ्याजवळच्या पाड्यातली ती बाळंतिणीची खोली आठवते. मी गावची आशाताई, पाचवीच्या दिवशी बाळ बघायला गेले होते. पाटा-वरवंट्याची पूजा मांडलेली आणि बाळ आईच्या मांडीवर, जराही न रडता. "ताई, याला दूध गिळताच येत नाय गो," ती म्हणाली. "पहिलटकरीण आहेस, नीट धरून पाज," मी सगळ्यांदेखत दटावलं. दुसऱ्या दिवशी बाळाचा श्वास अडकला. ओली बाळंतीण म्हणून तिला घरीच ठेवून आम्ही त्याला कल्याणला नेलं. तिथे ते गेलं. "गिळण्याचा, श्वासाचा मेंदूतला भागच जन्मतः नीट घडलेला नव्हता. आईला सांगा, तिचं काही चुकलं नाही," डॉक्टर म्हणाले. परवा मुरबाडच्या बाजारात ती भेटली. "तवा मला पाजता आलं नाय ना, ताई?" शरमेपायी तो निरोप इतकी वर्षं माझ्याकडेच राहिला होता.