शंभर मीटरच्या पुढचा मळा

हट्ट एकच असतो, पण माळावरनं चालत आलं की लुगड्याला कुसळं चिकटतात, तसे त्याला किस्से चिकटतात. झटकावेत म्हटलं तर निघत नाहीत.

तर आटपाट राजुरी होती. तिथल्या मळ्यात एक म्हातारी होती, ती मी. मुलगा प्रकाश, त्याची बायको वंदना. वंदना कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून पुण्याच्या छापखान्याला धाडायची. नेट आलं होतं रस्त्याकडेच्या आमच्या गिरणीपर्यंत. पण गिरणीत कॉम्प्युटर ठेवला की पिठानं पांढरा. प्रकाश म्हणाला, "नेट घरापत्तुर आलं तर ऱ्हाऊ. न्हाई तर दिवाळी झाली की पुण्याला खोली करू."

मला घर रिकामं बघायचं नव्हतं.

*

फोनच्या ऑफिसातले साहेब गिरणीत आले. म्हणाले, "आजी, ही वायर शंभर मीटरच्या पुढं चालत नाही. नियम आहे." गिरणीपासून आमचं घर त्याच्या जवळजवळ दुप्पट लांब.

मी म्हटलं, "सायेब, माजं लगीन झालं तवा मला बी नियम सांगितला व्हता, बाईनं उंबऱ्याच्या पुढं जायचं न्हाई. आता ही गिरणी कोण चालवतंय, बघा."

साहेब शर्टावरचं पीठ झटकत गेले. आम्ही वायर आणली.

*

मोटरची वायर ज्या खांबांवरनं घरी येते, त्याच खांबांवरनं नेटची बांधली. चाललं! हळूहळू, पण चाललं. मग प्रकाशनं विहिरीवरची मोटर चालू केली आणि नेट मेलं. मोटर बंद, नेट जिवंत.

प्रकाश वैतागला, "कांदा जगवू का पत्रिका?"

वंदना म्हणाली, "कांद्याला इचारा, त्याचं लगीन कदी हाय."

मोटरपासून लांब म्हणून वायर पलीकडच्या बांधानं फिरवली. त्यानं ती आणखी लांबली आणि पुरतीच गप झाली.

*

वर बांधावर गाई वायर चघळायला लागल्या, म्हणून आम्ही ती काढून जवळच्या वाटेनं जुन्या पाईपात घालून पुरली. माझे दीर, नामदेव भाऊजी, पाणी द्यायला आले. त्यांना पाईपाचं तोंड दिसलं. शेतकऱ्याचा हात, राहवतोय कुठं? जोडलं मोटरला.

कॉम्प्युटरच्या टेबलाखालनं पाण्याची धार आली. वंदना पाय वर घेऊन ओरडली, "आत्याबाई, पाट आला घरात!"

भाऊजींना विचारलं, तर म्हणतात कसे, "पाईप म्हनल्यावर पानी सोडनार. का चहा सोडू?"

*

शेवटी साहेबच बोलले की मध्यावर विजेवर चालणारी एक पेटी बसवा, तिथनं वायरीचे शंभर मीटर नव्यानं सुरू होतात. मध्य कुठं आला? शांतिभाऊंच्या कांदा साठवायच्या चाळीत. शांतिभाऊ व्यापारी. आजा राजस्थानातनं आलेला, पण हे बोलणार आमच्यासारखंच.

"जागा घ्या की," ते म्हणाले. "पन बाया कांदा निवडताना रेडिओ लावत्यात. तुमचा प्लग काढनारच."

काढलाच. रोज काढला. मग मी पेटीला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. हिरवे दिवे लुकलुकत होतेच. त्या दिवसापासून कुणाचा हात लागला नाही; बायांनी रेडिओत सेल घातले.

शांतिभाऊंनी विचारलं, "आजी, ह्यो देव कंचा?"

"आदी पावतोय का बगू. मग नाव ठिऊ."

साहेब तपासायला आले. चाळीच्या दारात थबकले आणि बूट काढून आत गेले.

*

नेट तर आलं, पण प्रकाशचा भरवसा उडालेला. पुण्यात खोली बघून झाली होती. दिवाळी संपली तसा घोडेगावचा टेम्पो दारात आला. कपाट चढलं, खाट चढली. वंदना आत कॉम्प्युटरपुढं.

टेम्पोवाला दारात उभा राहिला. "वहिनी, आटपा."

"पत्रिका जाऊ द्या. मग निघू."

विहिरीवर मोटर चालू होती. चाळीत बायांचा रेडिओ चालू होता. प्रकाश बायकोच्या पाठीमागं जाऊन उभा राहिला. पत्रिका गेली. तिनं दुसरी धाडली, तीही गेली.

टेम्पोवाला वाकून बघत होता. "वहिनी, माज्या बहिनीचं लगीन ठरलंय. आमची करता का?"

वंदना म्हणाली, "नवरीचं नाव सांगा."

प्रकाश बाहेर गेला, टेम्पोतली खाट एकट्यानं उतरवली आणि ओसरीवर टाकली.

"बसा पावणं," तो म्हणाला. "येळ लागंल."