झुंबरची वाघघळ

सातपूरच्या आमच्या वर्कशॉपात झुंबर लेथवर जेवढं लोखंड कातायचा, त्याहून जास्त थापा चहाच्या सुट्टीत मारायचा. त्याची लाडकी थाप पेठकडच्या वाघघळीची. "सात वेळा तळाला उतरलोय. वाट तोंडपाठ!" पाच वर्षं हेच ऐकून माझे कान किटले. शेवटी एकोणऐंशीच्या दिवाळीनंतर मी आणि सहादू फिटर त्याला म्हणालो, "चल, ने आम्हाला. चुकलास तर सगळ्या खात्यात सांगू." झुंबरचं तोंड उतरलं. पण माघार घेईल तो झुंबर कसला!

पहाटेच्या एसटीनं गेलो. घळीच्या तोंडाशी भागीबाई नावाची म्हातारी नागलीच्या दाण्यांचं गाठोडं घेऊन बसली होती. तळाशी जावई येऊन ते घेऊन जाणार होता. झुंबर तिच्या कानाशी कुजबुजला आणि गाठोडं डोक्यावर घेऊन आला; मागोमाग म्हातारीही निघाली.

"म्हातारं माणूस, बघवत नाही," म्हणाला. मोठा आला दयाळू!

घळ कसली, डोंगराला पडलेली उभी चीर ती. कातळावर पाय ठरेना, करवंदीच्या जाळ्यांनी माझा नवा शर्ट फाडला, दोन ठिकाणी तर बसून घसरत उतरलो. वाटेला फाटे फुटले की झुंबर घाम पुसायला थांबायचा. म्हातारी एका बाजूला वळली की लगेच, "इकडूनच!" सहादूनं मला डोळा मारला. मीही मान डोलावली. फजिती पुरती शिजू द्यावी, असा माझा स्वभाव.

तळाशी डोहाकाठी वाघदेवाचा शेंदूर फासलेला खांब होता. भागीबाई म्हणाली, "पयल्यांदा आला त्यानं पाला ठेवून नाव सांगायचा. वळख नसली का देव वाट अडवतो. जुन्याला नाय लागत."

आम्ही दोघांनी पाला ठेवला, नाव सांगितलं.

"झुंबरशेठ जुने," सहादू गोड आवाजात म्हणाला.

झुंबरनं खांबाकडे पाहिलं, मग आमच्याकडे. तेवढ्यात जाळीत काहीतरी खसफसलं. त्यानं गाठोडं खाली ठेवलं, पाला तोडला आणि खांबापुढे काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं सांग रं," भागीबाई म्हणाली, "देव लय म्हातारा हाय."

"झुंबर!" तो ओरडला.

घळीनं ते नाव चार वेळा परत ऐकवलं. आम्ही पोट धरधरून हसलो. झुंबर मान खाली घालून डोहात तोंड धुवत बसला.

चढताना मात्र माझे गुडघे बोलायला लागले. झुंबरनं माझी पिशवी काढून घेतली आणि हाताला धरून मला वरपर्यंत ओढत आणलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी चहाला सगळं खातं गोळा झालं. "काय रे, माहीत होती का याला वाट?"

झुंबर कपात बघत होता.

"डोळे मिटून नेलं," मी म्हणालो.

"आठव्यांदा," सहादू म्हणाला.